इंजिन बंद म्हणजे गाडी बंद नाही: हायब्रिड कार नीट चालवायची कशी

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी मामेभाऊ त्याची नवी कोरी हायब्रिड घेऊन घरी आला, म्हणाला चल दादा, तर्री पोहे खाऊन येऊ. ठेल्यासमोर त्यानं गाडी थांबवली, इंजिनचा आवाज नव्हताच, एसी तेवढा चालू, आणि खिडकीतून ठेलेवाल्याशी बोलता बोलता त्याचा ब्रेकवरचा पाय सैल झाला. गाडी अजून 'डी'मध्येच, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्येच होती. ती काहीच आवाज न करता पुढे सरकली आणि समोर स्टँडवर लावलेली स्कूटी आडवी झाली. कोणाला लागलं नाही, पण स्कूटीच्या पलीकडे दोन पावलांवर एक लहान मुलगा प्लेट धरून उभा होता, तो मला अजून डोळ्यासमोर दिसतो. भाऊ एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून राहिला होता, "दादा, गाडी तं बंद होती ना."

बंद नव्हती. इंजिन बंद होतं, गाडी चालू होती. आणि हायब्रिडबद्दल जे काही समजून घ्यायचं आहे, मायलेजचं असो की जिवाच्या सुरक्षेचं, ते सगळं या एका फरकातून निघतं.

सध्या हा विषय घरोघरी निघतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला, चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वरून १५ टक्के सेस असे ४३ टक्के लागायचे ते ४० झाले, ईव्हीवर, म्हणजे नुसत्या बॅटरीवर चालणाऱ्या गाडीवर, मात्र ५ टक्केच राहिले. शोरूमवाले २७-२८ चं मायलेज सांगतात, घरातले मोठे म्हणतात बॅटरीची गाडी नको बापा, आणि घेणारा मधल्यामधे गोंधळतो.

हायब्रिड दोन प्रकारची असते, आधी ते बघा

हायब्रिड म्हणजे जिच्यात पेट्रोल इंजिन पण आहे आणि गाडी ढकलणारी इलेक्ट्रिक मोटर पण आहे ती गाडी. पण मागे डिकीवर 'हायब्रिड' लिहिलं म्हणून सगळ्या सारख्या नसतात. माइल्ड हायब्रिडमध्ये मोटर छोटी असते, ती इंजिनला थोडा हात लावते, सिग्नलला बंद झालेलं इंजिन पटकन चालू करते, पण तिच्या एकटीच्या जोरावर चाकं फिरत नाहीत. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर एकटीच गाडी ओढू शकते, इंजिन पूर्ण बंद असताना सुद्धा. मायलेजमधला मोठा फरक आणि खाली सांगितलेल्या बहुतेक सवयी या दुसऱ्या प्रकारच्या. जपानमध्ये प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये विकायला आली, म्हणजे हे तंत्र काही काल-परवाचं नाही, पण आपल्याकडे मध्यमवर्गाच्या आवाक्याच्या आसपास ते आलं २०२२ मध्ये, होंडा सिटी, टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा, मग इनोव्हा हायक्रॉस असं करत.

बोअरवेलची मोटर आणि गच्चीवरची टाकी

घरी बोअरवेल आहे असं समजा. एक मग पाणी लागलं तर आपण बोअरची मोटर सुरू करत नाही, गच्चीवरच्या टाकीतून घेतो, टाकी खाली झाली की मोटर लावतो आणि ती एकदा चालली की पूर्ण दमानं चालवून टाकी भरून घेतो. मग-मग पाण्यासाठी दिवसातून पन्नासदा मोटर चालू-बंद केली तर विजेचं बिल पण येणार आणि मोटर पण जळणार.

साधी पेट्रोल गाडी शहरात नेमकं हेच करते. पेट्रोल इंजिनला मध्यम जोर लावून काम करायला आवडतं, तेव्हा ते पेट्रोलचा सगळ्यात चांगला उपयोग करतं. आमच्या नागपुरात बर्डीच्या गर्दीत ते नुसतं गुरगुरत, सरकत, थांबत राहतं आणि सिग्नलला तर गाडी जागची न हलता पेट्रोल जाळतं. हायब्रिड काय करते, हळू सरकायचं, सिग्नलवरून निघायचं हे काम टाकीतल्या पाण्यावर म्हणजे बॅटरीवर करते, आणि इंजिन लागलंच तर त्याला त्याच्या आवडीच्या जोरात चालवून जास्तीची ताकद परत टाकीत भरते. त्यातली इंजिनं पण मुद्दाम वेगळी बनवलेली असतात, ॲटकिन्सन सायकल म्हणतात त्याला, थोडक्यात म्हणजे जळालेल्या वायूचा जोर शेवटपर्यंत पिळून घ्यायचा. त्यात इंजिनची उचल कमी होते, ती कमी मोटर भरून काढते.

आणि वरून पावसाचं पाणी फुकट. ब्रेक लावला की साध्या गाडीत पळण्याची सगळी ताकद ब्रेक पॅडच्या उष्णतेत जाते. हायब्रिडमध्ये तीच मोटर उलटी कामाला लागते, चाकं तिला फिरवतात आणि ती जनरेटरसारखी वीज बनवून बॅटरीत टाकते. याला रिजनरेशन म्हणतात, पुढे मी रिजन एवढंच म्हणेन.

"मग चार्जिंगला कुठे लावायची?"

कुठेच नाही. आपल्याकडे सर्रास विकल्या जाणाऱ्या या हायब्रिडला प्लगच नसतो. तिची सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते, ब्रेकमधून परत मिळते ती पण आधी पेट्रोलनंच दिलेली असते.

लोकांना खरा धक्का बसतो तो बॅटरीचा आकार ऐकून. हायरायडर आणि ग्रँड विटाराची हायब्रिड बॅटरी ०.७६ किलोवॅट-अवरची आहे, म्हणजे आपल्या घरच्या मीटरच्या भाषेत पाऊण युनिट! मध्यम ईव्हीत ३० ते ४५ युनिट असतात. नुसत्या बॅटरीवर सलग दोन-चार किलोमीटर झाले की इंजिन सुरू होणारच. तेव्हा "माझी बॅटरी लवकर उतरते, खराब आहे का" असं कोणी विचारलं तर उत्तर आहे की नाही, ती टाकीच बारकी आहे, तिचं काम साठवून ठेवणं नसून घेणं-देणं आहे. कॉम्प्युटर तिला पूर्ण भरू पण देत नाही आणि पूर्ण रिकामी पण होऊ देत नाही, म्हणूनच ती वर्षानुवर्षं टिकते.

पैसा ब्रेकच्या पायात आहे

मायलेज म्हटलं की सगळे ॲक्सिलरेटरचं बोलतात. हायब्रिडमध्ये आधी ब्रेक शिका. रिजनची एक मर्यादा असते, मोटर ठरावीक वेगानंच वीज ओढू शकते. तुम्ही अजनी चौकाचा लाल सिग्नल दोनशे मीटरवरून बघितला, ॲक्सिलरेटर सोडला आणि ब्रेकवर हलका पाय ठेवून लांबून थांबत आलात तर बरीचशी ताकद बॅटरीत जाते. शेवटच्या वीस मीटरवर कचकन दाबला तर साधे ब्रेक मधे पडतात आणि सगळं उष्णतेत जातं, अगदी साध्या गाडीसारखं.

हिशोबच करून बघा. तेराशे किलोची गाडी ताशी ५० नं पळत असेल तर तिच्यात साधारण ३५ वॅट-अवर एवढी ताकद असते (हजार वॅट-अवर म्हणजे एक युनिट). मोटर, बॅटरी यांच्यातली गळती धरून समजा वीस-पंचवीस हाती लागली. एका थांब्याला एवढीशी, पण धरमपेठ ते मेडिकल चौक जाताना असे पंधरा थांबे आले तर निम्मी बॅटरी फुकट भरली. साध्या गाडीचं मायलेज जिथे मरतं तिथेच हायब्रिड कमावते. फ्लायओव्हरच्या उतारावर पण तसंच, वरून निघाल्या निघाल्या पाय उचलायचा. पण खरी इमर्जन्सी आली, कोणी आडवं आलं, तर रिजन-बिजन विसरा आणि ब्रेक पूर्ण दाबा, साधे ब्रेक त्याच्यासाठीच आहेत आणि तेवढेच मजबूत आहेत.

ॲक्सिलरेटरबद्दल एक गैरसमज खूप आहे, की इंजिन सुरूच होऊ नये म्हणून अंड्यावर पाय ठेवल्यासारखं सरकत राहायचं. त्यानं फायदा होत नाही, बॅटरी उतरली की ती भरायला इंजिनच चालणार आहे. सिग्नल सुटला की नेहमीसारखा वेग घ्या, इंजिन लागलं तर लागू द्या, पाहिजे तो वेग आला की पाय थोडा उचला, इंजिन आपोआप झोपेल, मग हलक्या पायानं तोच वेग धरून ठेवा.

सिग्नलला न्यूट्रल? नको

हे खास करून ज्यांनी वीस-वीस वर्षं मॅन्युअल चालवली त्यांच्यासाठी. आपली सवय अशी की लाल दिवा लागला, गिअर काढला, क्लच सोडला. बऱ्याच हायब्रिडमध्ये, टोयोटाच्या पद्धतीत तर नक्कीच, 'एन'मध्ये टाकल्यावर बॅटरी चार्ज होणंच थांबतं, आणि एसी मात्र तीच बॅटरी खात राहतो. बाहेर ४५ डिग्री असताना लांबलचक सिग्नलला हे अंगाशी येऊ शकतं. 'डी'मध्येच ब्रेक दाबून थांबा, जास्त वेळ थांबायचं असेल तर 'पी' म्हणजे पार्किंगवर टाका आणि पार्किंग ब्रेक लावा. उतारावर तर न्यूट्रल अजिबातच नको, रिजन पण जातं आणि गाडीवरचा धाक पण जातो.

उताराचं अजून एक. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना साधारण सातशे मीटर खाली यावं लागतं. माणसं-सामान धरून सोळाशे किलोची गाडी असेल तर त्या उतारात तीन युनिटांएवढी ऊर्जा आहे, आणि आपली टाकी पाऊण युनिटची! मधेच कुठेतरी बॅटरी फुल होणार, मग रिजन बंद पडणार आणि सगळा भार ब्रेक पॅडवर येणार, ते तापले की पकड सोडतात. त्यासाठी बऱ्याच हायब्रिडमध्ये गिअरवर 'बी' नावाची जागा असते, ती लावली की इंजिन गाडीला मागे ओढून धरतं. इंजिन जोरात ओरडतं, घाबरू नका, ते काम करून राहिलं आहे. सपाट रस्त्यावर मात्र 'बी' लावून ठेवू नका, तिथे त्यानं मायलेज वाढत नाही.

"समृद्धीवर मला तर एवढं मायलेज मिळालंच नाही"

मिळणार पण नाही. शिवमडक्याहून समृद्धीवर चढलात आणि १२० ची लिमिट आहे म्हणून १२० धरला, तर ब्रेक लागतो कुठे? टाकीत पाऊस पडायचाच बंद झाला. गाडी बहुतांश इंजिनवरच चालते, बॅटरी आणि मोटरचं वजन वाहत. वरून हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, ८० वरून १२० वर गेलं की तो सव्वादोन पट होतो, हे कोणत्याच गाडीला चुकलं नाही. ९०-१०० नं गेलात तर फरक दिसेल. टायरची हवा थंड असताना कंपनीनं सांगितली तेवढीच ठेवा, कमी हवेनं मायलेज तर जातंच, पण उन्हाळ्यात तापलेल्या सिमेंट रोडवर कमी हवेचा टायर फुटायचा धोका फार मोठा आहे.

आपला उन्हाळा आणि सीट कव्हर

स्ट्राँग हायब्रिडचा एसी विजेवर चालतो म्हणून इंजिन बंद असतानाही गार हवा येते, हे मोठं सुख. पण ती वीज त्या पाऊण युनिटातूनच जाते, म्हणून मे महिन्यात उभ्या गाडीत इंजिन दर थोड्या वेळानं सुरू होणार, त्यात बिघाड काही नाही. तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या एसी फुलवर करू नका, आधी मिनिटभर काचा खाली करून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी. आणि जमेल तिथे सावलीत लावा, बॅटरीला आपल्यासारखंच उन्हाचं वावडं आहे.

आता एक गोष्ट जी शोरूममध्ये कोणी सांगत नाही. अनेक हायब्रिडमध्ये बॅटरी सीटच्या आसपास असते आणि तिला गार ठेवायला पंखा केबिनमधलीच हवा ओढतो, त्यासाठी सीटच्या बाजूला किंवा खाली एक जाळी असते. नवी गाडी आली की आपण सगळ्यात आधी सीट कव्हर आणि जाड मॅटिंग करायला धावतो, आणि तो कारागीर बिचारा ती जाळी झाकून टाकतो, त्याला माहीतच नसते. मग भर उन्हाळ्यात बॅटरी तापते, गाडी ताकद कमी करते, आणि आपण कंपनीला दोष देतो. मॅन्युअल काढा, जाळी कुठे आहे ते बघा, समोर पिशव्या ठेवू नका, कव्हरवाल्याला बोट दाखवून सांगा, आणि तिथे फिल्टर असेल तर सर्व्हिसिंगला साफ करून घ्या.

शांत गाडीचा धोका

परत पोह्याच्या ठेल्यावर येतो. डॅशबोर्डवर 'रेडी' असा दिवा असतो. तो लागलेला असेल तर गाडी चालू आहे, इंजिनचा आवाज येवो की न येवो. 'डी'मध्ये ब्रेक सोडला की ती सरकणार. त्यामुळे उतरायच्या आधी हे अंगवळणी पाडा: 'पी', पार्किंग ब्रेक, पॉवर बटन, आणि 'रेडी' दिवा विझला का ते डोळ्यांनी बघायचं. लेकरांना एसी लावून गाडीत ठेवून "दोन मिनिटांत येतो" म्हणून जाऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

दुसरं याहून गंभीर. खाली शटरची पार्किंग आणि वर बेडरूम अशी घरं आपल्याकडे कितीतरी आहेत. रात्री गाडी आत घेतली, आवाज नाही म्हणून बंद समजून, चावी खिशात टाकून माणूस वर गेला आणि शटर ओढलं. गाडी 'रेडी'मध्येच. थोड्या वेळानं बॅटरी उतरली की इंजिन स्वतःहून सुरू होतं, परत बंद होतं, परत सुरू. बंद जागेत त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो झोपेतल्या माणसाला उठूच देत नाही. जगात अशानं माणसं गेली आहेत. बटन दाबायला विसरण्याची किंमत एवढी मोठी असू शकते.

याच कारणानं बोनेट उघडून बघताना पण आधी गाडी पूर्ण बंद करा, आत हात असताना इंजिन अचानक फिरलं तर बोटं जातील. आणि गल्लीत, शाळेसमोर, बाजारात हळू चालवताना लक्षात ठेवा की पाठमोऱ्या माणसाला तुमची गाडी ऐकूच येत नाही. काही गाड्यांत त्यासाठी कमी वेगात बारीक आवाज सोडतात, पण इतवारीच्या गोंगाटात तो कोणाला ऐकू जाणार, म्हणून रिव्हर्स घेताना मान वळवून बघा.

"पाण्यात गेली तर शॉक लागेल ना?"

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरात शिरली, अंबाझरी लेआउट, डागा लेआउट भागात गाड्या पाण्याखाली गेल्या, ते ज्यांनी पाहिलं त्यांचा हा प्रश्न रास्तच आहे. हायब्रिड बॅटरीचा दाब पावणेदोनशे व्होल्ट आणि काही गाड्यांत त्याहून जास्त असतो. पण तिच्या दोन्ही तारा गाडीच्या बॉडीपासून वेगळ्या ठेवलेल्या असतात, कुठे गळती झाली किंवा एअरबॅग फुटतील असा अपघात झाला तर रिले, म्हणजे करंट तोडणारा स्विच, आपोआप तुटून करंट बॅटरीतच अडतो. म्हणजे सगळी गाडी करंट मारेल असं होत नाही. फक्त नारिंगी रंगाच्या जाड केबलना हात लावायचा नाही, कधीच नाही, आणि नेहमीच्या वायरमनला किंवा ॲक्सेसरीवाल्याला पण लावू द्यायचा नाही.

खरा धोका वेगळाच आहे. पाण्यात शिरताना गाडी बॅटरीवर चालून राहिली असते, इंजिन बंद, म्हणून वाटतं निघून जाऊ आरामात. मधोमध गेल्यावर इंजिन स्वतःहून सुरू होतं आणि हवेऐवजी पाणी आत ओढतं, मग इंजिनचा पार निकाल लागतो. साचलेल्या पाण्याची खोली माहीत नसेल तर घालूच नका. बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर "बघू चालू होते का" म्हणून बटन दाबू नका. ओढून नेताना पण पुढची चाकं जमिनीवर फिरवत नेऊ नका, चाकं फिरली की मोटर वीज बनवते आणि नुकसान होतं, पूर्ण गाडी वर चढवणारी टोइंग मागवा.

बारकी बॅटरी, रिकामी टाकी

मोठ्या बॅटरीशिवाय हायब्रिडमध्ये साधी १२ व्होल्टची पण असते, कॉम्प्युटर जागं करणारी. महिनाभर पुण्याला मुलीकडे गेलात आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असून पण गाडी 'रेडी' होत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास, उघड्या जागेत, गाडी 'रेडी' करून ठेवायला कोणाला तरी सांगून जा. आणि बॅटरी आहेच की म्हणून पेट्रोलचा काटा लाल रेषेखाली नेऊ नका, पेट्रोल संपल्यावर बॅटरी पिळून गाडी घरापर्यंत आणायचा प्रयत्न महागात पडतो. मोठी बॅटरी बदलायची भीती सगळ्यांना असते, तर टोयोटा आपल्याकडे हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देते, घेताना आपल्या गाडीचं कार्ड वाचून घ्या.

पैसे वसूल होतात का?

तुम्ही कुठे चालवता त्यावर आहे. समजा महिन्याला १,००० किलोमीटर, सगळं शहरात, साधी गाडी १२ चं देते आणि हायब्रिड २२ चं. ८३ लिटरऐवजी ४५ लिटर, पेट्रोल १०४ रुपये धरलं तर महिन्याला जवळपास चार हजार वाचले. किमतीतला फरक अडीच लाख धरला तर पाच वर्षांच्या वर थोडं. हेच हजार किलोमीटर तुमचे हायवेवर होत असतील, १७ आणि २१ धरा, तर महिन्याला साडेअकराशेच वाचतात आणि वसुलीला अठरा वर्षं लागतात. म्हणून रोज मनीषनगरहून सदरला जाणाऱ्या ताईला मी घे म्हणालो, आणि आठवड्यातून तीनदा अमरावती करणाऱ्या मित्राला नको म्हणालो.

टेस्ट ड्राइव्ह घेणार असाल तर मोकळ्या रस्त्यावर चक्कर मारून परत येऊ नका. संध्याकाळी सहा वाजता व्हरायटी चौकातून न्या, एसी चालू, घरचे सगळे बसलेले, आणि सोबतच्याला सांगा की इंजिन किती वेळा सुरू झालं ते मोजत राहा. परत आल्यावर गाडी बंद करा आणि मागच्या सीटवरच्या आईला विचारा, गाडी आता चालू आहे की बंद. तिला 'रेडी' दिवा बघून सांगता आलं पाहिजे.